फक्त एकाला समजलं

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवणारा हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. डॉक्टरशी, बायकोशी, शेजाऱ्यांशी त्याचं कधी वाजलं नाही. त्याचं वैर एकाच माणसाशी, तेही एका कॅसेटवरून. चाळीस वर्षं त्यानं ते इतक्या निगुतीनं सांभाळलं, की तेवढी तब्येत सांभाळली असती तर बायकोचा अर्धा त्रागा वाचला असता.

झालं होतं असं. कॉलेजच्या वयात त्यांचं सहा जणांचं टोळकं होतं. खांद्यापर्यंत केस, काळे टीशर्ट आणि एका हेवी मेटल बँडवर जीव ओवाळून टाकणं, एवढाच उद्योग. त्या बँडचा चौथा अल्बम आला आणि सगळ्यांची तोंडं कडू झाली. गाणी संथ, गिटारच्या जोडीला चक्क पियानो, आणि गायकानं केस कापलेले. टोळक्याला एक सेक्रेटरी होता, स्वतःच स्वतःला नेमलेला. त्यानं कॅसेटमधली फीत आतड्यासारखी बाहेर ओढली आणि हा विश्वासघात असल्याचं जाहीर केलं. कवळीवाला म्हणाला, मला आवडला. त्या दिवसापासून त्याची बैठक दाराशी, चपलांजवळ. दरवर्षी अल्बमांची क्रमवारी लावायला हात वर व्हायचे. चौथ्यासाठी एकच हात वर व्हायचा, आणि सगळे त्याला बहिरा म्हणायचे.

पुढे केस गेले, पोटं सुटली, मतंही सैल पडली. आधी कुणी म्हणालं, त्या कॅसेटची दुसरी बाजू तशी बरी आहे. मग कुणाच्या मुलीनं इंटरनेटवर वाचून सांगितलं, की हल्लीचे बँड त्यातूनच शिकलेत. गेल्या वर्षी खुद्द सेक्रेटरी म्हणाला, अल्बम काळाच्या पुढे होता. आम्ही चुकलो, हे म्हणायला मात्र कुणाची जीभ वळेना. कवळीवाल्याला तेवढंच हवं होतं. एकदाच, पण सेक्रेटरीच्या तोंडून.

आणि ते तोंडच त्याच्या हाती लागलं. अल्बमला चाळीस वर्षं झाली म्हणून रविवारी हॉल घेऊन चाहत्यांचा मेळावा ठेवला होता. त्यात सेक्रेटरीचं भाषण होतं, आणि त्याच्या तोंडात दात नव्हते. डॉक्टरांनी माप घेऊन काम मागच्या खोलीत पाठवलं. बायको म्हणाली, "देऊन टाका दात आणि मिटवा एकदाचं." पण मिटवायचं असतं, तर तो चाळीस वर्षं कशाला थांबला असता?

कवळी बसवून बघताना माणसाला बोलायला लावतात. स आणि फ स्वच्छ निघाले, की बसली म्हणायची. नेहमीचं वाक्य बाजूला ठेवून त्यानं सेक्रेटरीच्या हातात चिठ्ठी दिली. तीवर लिहिलं होतं: सहा जणांपैकी फक्त एकाला समजलं, बाकीचे साफ फसले.

सेक्रेटरीनं चष्म्यावरून पाहिलं. "हे काय?"

"तपासणी."

"नाही वाचलं तर?"

"तर रविवारी हिरड्यांनी बोल."

सेक्रेटरीनं वाचलं. एक अक्षर अडखळलं नाही. मग चिठ्ठी खिशात घालत म्हणाला, "भाषणाला झकास सुरुवात आहे ही. तो एक मीच होतो ना."

"फीत कुणी ओढली होती रे?"

"मीच, पण भारावून. तुला काय दिसणार, तू चपलांत बसायचास."

जरा घासावी लागेल, असं म्हणून कवळीवाल्यानं कवळी काढून घेतली आणि मशीन सुरू केलं. पुढच्या दाताचा केसभर भाग उडवला असता, तरी सगळं भाषण शिट्टीत झालं असतं. मशीन बराच वेळ नुसतंच फिरत राहिलं. शेवटी त्यानं हिरडीला टोचणारी कड तेवढी घासली, पॉलिश केलं आणि कवळी परत दिली. हात मेला कामाशी इमानदार.

रविवारी त्या वाक्यातला प्रत्येक स, प्रत्येक फ शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचला. टाळ्या पडल्या. मग चौथ्या अल्बमला पहिला क्रमांक द्यायला हात वर झाले, सगळ्या हॉलचे. सेक्रेटरीनं नव्या दातांनी हसत विचारलं, "अरे, तुझा हात?"

कवळीवाल्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"गाणी संथ आहेत," तो म्हणाला. "तो पियानो नको होता. आणि गायकानं केस कापायला नको होते."

शेजारचा म्हणाला, बहिरा आहे, सोडा. कवळीवाला ऐसपैस मागे रेलला.