कोणत्या ठाण्याचे रायटर?

मी लिहून पोट भरतो. नांदेडात हे कुणालाही सांगून बघा, समोरचा माणूस पहिलं तुमच्या चपलांकडं बघतो. कथा-कादंबरी नाही हो, तो आपला प्रांत नव्हे. दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटचा मजकूर, बियाण्याच्या कंपनीचं पत्रक, कॉलेजच्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांचं मानपत्र, आणि कुणी गेलं की श्रद्धांजलीच्या चार ओळी. अध्यक्षांना मनोगत असतंच असं नाही, ते मी शोधून आणतो. खाली नाव त्यांचं. माझं नाव कुठंच नसतं आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. "पाच मिनिटांचं काम हाय बघा," असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. अरे बाबा, पाच मिनिटांचं आहे तर तूच कर की! पण तोंडानं मी "हो, पाठवा" म्हणतो, कारण हातचं काम सोडायची ऐपत नाही. मग तो माणूस पानभर मजकुराऐवजी फोनवर लांबलचक बोलून पाठवतो, मागं कुकरच्या शिट्ट्या, मध्येच "ए, दार लाव रे". त्यातून मी मजकूर काढतो. तो वाचून साहेब म्हणतात, "चांगलंय, पण जरा दमदार करा." दमदार म्हणजे काय, हे आजवर एकानंही मला सांगितलेलं नाही. मी दोन विशेषणं घालतो, एक उद्गारचिन्ह टाकतो, आणि ते खूश होतात.

आई लोह्याला मामाच्या शेजारी राहते. माझं लग्नाचं वय निघून चाललं म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला. स्थळं यायची, "मुलगा काय करतो?" इथं अडायची आणि परत जायची. आई सांगायची, "लिवतो." पुढचा प्रश्न ठरलेला, "ते झालं, पण कामधंदा काय?"

मग मामानं सूत्रं हातात घेतली. विहारातल्या एका कार्यक्रमात त्याला लातूरजवळच्या मुरुडचे एक गृहस्थ भेटले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बायको वारलेली, एकुलती लेक लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, रोज मुरुडहून बसनं जाऊन-येऊन करणारी. मामानं तिथल्या तिथं गोष्ट जमवली. आम्हाला एवढंच सांगितलं, "समद्यांना पसंत हाय, तुम्ही फक्त बघून या."

आम्ही गेलो. मी, आई आणि मामा. मुलीचे वडील, तिचे चुलते, दोन शेजारी. पोहे आले. सगळी माणसं माझ्याशी इतक्या अदबीनं बोलत होती की मला शंका यायला पाहिजे होती. माझ्याशी अदबीनं कोण बोलतं?

"कोणत्या ठाण्याला असता?" वडिलांनी विचारलं.

"ठाण्याला नाही," मी म्हणालो, "नांदेडलाच असतो."

"हाव, नांदेडलाच. पण कोणत्या?"

मला वाटलं, गल्ली विचारतायत. "तरोडा नाक्याकडं."

"साहेब कसे हायत? कडक?"

मला वाटलं, काम देणारे साहेब. "रोज नवीन साहेब असतो. कुणी कडक, कुणी न वाचताच बरं म्हणतो."

"रोज बदलतेत?" चुलत्यांचा घास हातातच राहिला. "आन् ड्युटी?"

"तिचं काही ठरलेलं नाही. सणावाराला तर जास्तच असतं."

सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या. चुलते म्हणाले, "मग खुनाबिनाचं पण लिवावं लागत असल."

मी हसलो. "खुनाचं अजून आलं नाही. गेलेल्या माणसांचं लिहितो, पण ती आपल्या मौतीनं गेलेली."

"आन् वर्दी? रायटरला वर्दी घालावी लागत न्हाई का?"

वर्दी! तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्याकडं रायटर म्हटलं की लेखक कुणाच्या मनात येत नाही. रायटर म्हणजे पोलीस ठाण्यातला लिहिणारा जमादार. साहेबांच्या शेजारी बसतो, पंचनामे, जबाब, सगळी लिखापढी त्याच्या हातात. पक्की सरकारी नोकरी, वरून गावात वट. मी मामाकडं बघितलं. मामा बशीत मान घालून पोह्यातली एकेक मोहरी निवडत होता.

आता सांगा, काय करायचं माणसानं? गप्प बसलो असतो तर तो दिवस निभावला असता. पण मला खोटं जमत नाही, आणि त्या क्षणी मामाचा असा राग आला होता की तोंडातून सरळच निघालं, "मी पोलिसात नाही. मी घरी बसून लिहितो."

"घरी?" चुलते म्हणाले. "घरी कुणाचा जबाब लिवता?"

मी सगळं सांगितलं. दवाखाना, बियाणं, मानपत्र. पगार नाही, कामाचे पैसे मिळतात, कधी वेळेवर, कधी मागून मागून. बोलता बोलता माझं मलाच ते सगळं लई बारीक वाटायला लागलं. आईनं पदर तोंडाला लावला होता. मामा पुटपुटला, "मी खोटं कुठं बोललो? लिवतो म्हंजी रायटरच की!"

वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. शांत माणूस. मग म्हणाले, "खरं सांगितलं, बरं केलं. आता आलाच आहात तर लेकीशी दोन शब्द बोलून घ्या. तिचं तिला ठरवू द्या."

ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती, म्हणजे सगळं ऐकलेलं. ओठ घट्ट दाबून धरले होते तिनं. मागच्या अंगणात आम्ही दोघंच गेलो आणि ती फसकन हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी आधी चिडलो, मग मलाही हसू फुटलं.

"नाव कुठं छापून येतं तुमचं?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही."

"माझं पण न्हाई," ती म्हणाली. "रक्त मी काढते, तपासते मी, रिपोर्टवर सही डॉक्टरांची." मग तिनंच विचारलं, "लग्न झाल्यावर मला लातूर सोडावं लागल का?"

"माझं ऑफिस एका पिशवीत मावतं," मी म्हणालो. "लातुरात पण उघडेल."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खरं सांगतो, त्या बघण्यानं मी संपलो. मला हीच मुलगी पाहिजे, असं मला तिथं, धुण्याच्या दगडाशेजारी उभं राहून वाटलं. त्याआधी लग्न म्हणजे आईचं काम होतं. आता ते माझं झालं, आणि नेमकं आत्ताच सगळं मुसळ केरात गेलेलं.

परत येताना मामा बसमध्ये माझ्याशी बोलला नाही. जसा काही मीच गुन्हेगार! मुरुडहून निरोप येईना. आई फोनवर म्हणायची, "कुठं शिपायाची तरी जागा बघ रं बाबा." मी तिच्यावर खेकसायचो, मग वाईट वाटून परत फोन करायचो. त्या दिवसांत खताच्या एका पत्रकात मी असलं काही रडवं लिहिलं की कंपनीवाल्यानं विचारलं, "तब्येत बरी हाय का?"

आणि एके सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "आमच्यात पोराचं घर बघायला यायची रीत हाय. नोकरीवाला असल तर त्याचं हापिस पण बघून येतो आम्ही. तुमचं दोन्ही एकच हाय. उद्या येतो. तुम्ही तुमचं काम करा, मी बसून बघतो."

माझं काम बसून बघायचं! अहो, त्यात बघण्यासारखं असतं काय? सुतार रंधा मारताना दिसतो, शिंपी मशीन चालवताना दिसतो. लिहिणारा माणूस काम करत असतो तेव्हा तो पंख्याकडं बघत असतो. मी खोली झाडली, कॉट सरळ केली, आणि नजरेला पडू नयेत अशा चार गोष्टी उशाखाली सरकवल्या, त्यात न धुतलेले मोजेही होते.

ते आले ते धपाट्यांचं फडकं घेऊन. "लेकीनं दिलेत. सोबत चटणी पण हाय," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी लॅपटॉप उघडला. हेडमास्तरांच्या मानपत्राचं एक वाक्य लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. उठलो, खिडकीपर्यंत गेलो, आलो. पाठीवर त्यांची नजर. मग लाइट गेली. मोबाइलवरून नेट घेतलं तर ते गोगलगाय. दवाखान्याच्या साहेबांचा फोन आला, "कालचं सगळं बरोबर हाय, फक्त सगळं बदला." मी दात-ओठ खात म्हणालो, "हो सर, करून राहिलो." मधे उठून वडिलांनी स्वतःच चहा टाकला आणि माझा कप माझ्या हाताशी आणून ठेवला.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. हातात किल्ली. "गॅसवाला येणाराय, सिलेंडर घ्या बरं उतरवून. आन् आमचं पार्सल पण." मग पाहुण्यांना कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणी पोरगं हाय हो. कुठं जात न्हाई, येत न्हाई. आपलं सदा घरीच असतंय." आणि गेल्या.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. गेलं, मी म्हटलं, आता हे मुरुडला जाऊन सांगणार, पोरगा शेजाऱ्यांचे सिलेंडर उतरवून घेतो.

तेवढ्यात किल्लारीकडच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याची आई वारलेली, पेपरात द्यायला मजकूर पाहिजे. "तुमचं नेहमीचंच टाका, प्रेमळ, मनमिळाऊ, वगैरे," तो म्हणाला. माझी एक खोड आहे. गेलेल्या माणसाबद्दल मी विचारून घेतल्याशिवाय लिहीत नाही. त्या काय खायच्या आवडीनं, रागावल्या की काय म्हणायच्या, असलं विचारतो. शेवटी विचारतो, जाताना जवळ कोण होतं? माणसं तिथं थांबतात, मग खरं बोलायला लागतात. तो दुकानदारही थांबला, आणि मग सांगत राहिला. धाकटी सून उशाशी होती, पाणी तिनंच पाजलं. शेवटी रडला. मी "हं, हं" करत ऐकत राहिलो. दुसरं काय करणार?

फोन ठेवला तेव्हा वडील खाली बघत होते. धपाटं त्यांच्या हातात तसंच. मग ते आपणहून बोलले, माझ्याकडं न बघता.

"माझी पक्की नोकरी होती. ती बघूनच सासऱ्यानं पोरगी दिली मला. मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी गाडी खेड्यात न्यायची, तिथंच झोपायचं, सकाळी पॅसिंजर घिऊन परत. ती गेली त्या रातीला मी मुक्कामाला होतो. मोबाइलला रेंज न्हवती गावात. सकाळी गाडी वेळेवर आणून डेपोत लावली, मंग कळलं." त्यांनी हातातलं धपाटं फडक्यात ठेवलं. "लेक एकटी होती तिच्यापाशी. शिकत होती तवा. तिनं मला एका शब्दानं इचारलं न्हाई कधी, बाबा तुम्ही कुठं होता म्हणून."

मी उठून त्यांच्या शेजारी कॉटवर जाऊन बसलो.

"त्या बाई काय म्हणल्या मगाशी?" त्यांनी विचारलं. "सदा घरीच असता म्हणून. खरं हाय का?"

"हाव," मी म्हणालो. लाजच वाटत होती.

"मंग लातुरात राहिला तरी घरीच असाल?"

"घरीच."

त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला, खाल्ला, नीट चावून खाल्ला. फडक्याला हात पुसले. पिशवी घेतली आणि निघाले. मी चपला घालायला लागलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत बसवलं.

"स्टँडवर येऊ नको," ते म्हणाले. "त्या माणसाची माय गेलीय, तो वाट बघत असल. तू लिही."

जिन्यावरून त्यांची पावलं उतरून गेली तरी मी तसाच बसलो होतो. मग तिच्या लॅबचा नंबर शोधून तिला फोन केला. काम चालू असताना करू नये, माहीत होतं, पण केला.

"बाबा आत्ताच निघाले," मी म्हणालो.

"काय म्हणले?" तिचा आवाज एवढासा झालेला.

"मला अरे-तुरे केलं त्यांनी."

पलीकडं कसलंसं मशीन घरघरत होतं. ती नाक ओढत म्हणाली, "मग आता मागं फिरता येणार न्हाई तुम्हाला."