पऱ्हाटी नसलेलं वर्ष

फुलसावंगीजवळच्या रानाची राखण उकंडानं हयातभर केली. उन्हाळ्यात वणवा शिरू नये म्हणून तो कडेचा पाचोळा झाडून काढी, पावसाळ्यात मोकळ्या जागी बिया टोकी, हिवाळ्यात कुऱ्हाडीचा आवाज आला की शिव्या देत धावे. पण खरं रान राखलं ते पऱ्हाटीनं. कापूस वेचून झाला की वाळकी झाडं उपटून लोक अंगणात रचत आणि वर्षभर चुली त्यावरच पेटत.

यंदा कपाशी गुडघ्याएवढीही झाली नाही. लोकांनी उभ्या पिकात ढोरं सोडली. अंगणं रिकामी राहिली आणि कुऱ्हाडी रानात शिरल्या. एकटा उकंडा कोणाकोणाला अडवणार? आज तर त्यानं वणव्यातून वाचवलेला धावडाच बुंध्यापासून गेलेला दिसला.

तो फणफणत घरी आला आणि दारातच थबकला. धावड्याचा धूर त्याला चुकणार होय!

"काय जाळून राह्यली वं?"

"मंग तुमाले कच्चं पीठ वाढू काय?" बायकोनं, गिरजानं, वर न पाहताच विचारलं.

उकंडा खाली बसला. त्या निखाऱ्यावर भाकर चांगली फुगली होती. त्यानं दुसरी मागितली.