झाकण मिटल्यावर

“झोपवणं कुणालाही जमतं, उठवता आलं पाहिजे,” असं दिगंबर सोवनी एकदा म्हणाले होते. तेव्हा ऑफिसात त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातली त्यांची कंपनी कानांची तपासणी करणारे लॅपटॉप बनवते. लॅपटॉपच्या कडेला एक खाच, तिच्यात एक कार्ड. कानात आवाज सोडणं, उत्तर टिपणं हे काम कार्डाचं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. त्याआधी सोवनींच्या सॉफ्टवेअरने कार्डाला सांगायचं, हातातलं जपून ठेव, आता वीज जाणार. उघडल्यावर पुन्हा वीज द्यायची, कुठवर आलं होतंस याची आठवण करून द्यायची. कानतपासणीच्या शिबिरात बॅटरी दिवसभर पुरावी म्हणून हा खटाटोप.

यंदा नवीन कार्ड आलं आणि बराकपूरच्या शिबिरातून तक्रारी सुरू झाल्या. झाकण उघडलं तरी कार्ड उठत नव्हतं; अर्धी तपासणी पुसली जात होती. ऑफिसात मात्र दर वेळी उठायचं. सोवनी जेवण विसरून झाकणं मिटत राहिले, उघडत राहिले. दर वेळी हिरवा दिवा लागायचा. त्या दिव्याची त्यांना भीती वाटू लागली. घरी त्यांच्या पत्नी शकुनताई काही विचारीनाशा झाल्या.

वरिष्ठ अनीशने शुक्रवारची मुदत दिली. नाही जमलं तर झोपेची सोयच काढायची, मोठी बॅटरी द्यायची. सोवनींच्या हातात एवढंच काम होतं. पन्नाशी उलटल्यावर त्यांना दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं.

शुक्रवारी सगळे टेबलाभोवती जमले. झाकण मिटलं, उघडलं, दिवा लागला. पुन्हा लागला. सोवनीदादांना बघूनच उठत असेल, असं कुणीतरी बंगालीत म्हणालं. थोडा हशा पिकला.

अनीश कोलकात्यातच वाढलेला; मराठी जपून बोलायचा. त्याने वाकून पाहिलं.

“काका, ही वायर कशाची?”

“झोपताना कार्ड काय करतं, ते दुसऱ्या संगणकावर दिसावं म्हणून.”

“बराकपूरला असते?”

सोवनी वायरीकडे बघत राहिले. ती जोडलेली असली की खाचेची वीज तोडायची नाही, ही सोय त्यांनीच फार पूर्वी करून ठेवली होती. इतके दिवस ते ज्याला उठवत होते ते झोपलंच नव्हतं. आणि जुनी कार्डं? ती शिबिरांत वायरीशिवायही उठायची, म्हणजे स्वतःच उठत असणार. त्यांच्या उठवण्याची गरज कधी कुणाला पडलीच नव्हती.

त्यांनी वायर काढली. झाकण मिटलं, थांबले, उघडलं.

दिवा लागला नाही. कुणी हसलं नाही.

“अजून एक आठवडा घ्या ना, काका,” अनीश हळूच म्हणाला.

सोवनींनी वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली, खुर्ची आत सरकवली आणि ते बाहेर पडले.