नेगी कुठल्या घरी जेवला?

माझी पोस्टिंग तेव्हा एका खिंडीच्या खाली, छोट्या डिटॅचमेंटवर होती. आम्ही इंजिनिअर्सवाले. काम एकच, रस्ता उघडा ठेवायचा. बर्फ पडला की काढायचा, परत पडला की परत काढायचा. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं फौजी म्हणजे रात्रंदिवस गोळीबार. कसलं काय! मी नोकरीत जेवढं फावडं मारलं त्याच्या निम्मीही रायफल चालवली नाही.

माझा बडी होता लान्स नायक दिनेश नेगी. गढवालचा, डोझर ऑपरेटर. बडी म्हणजे ड्यूटीला जोडीदार, जेवायला जोडीदार, ताप आला तर उशाशी बसणारा तोच. एकच गोष्ट दोघांना जोडीने मिळत नाही, ती म्हणजे सुट्टी. एक गेला की दुसऱ्याने पोस्टवर थांबायचं. म्हणून मी नेगीला माझं गाव स्वतः दाखवू शकलो नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

नेगीला पुण्याला कोर्स लागला. परतीची गाडी कल्याणहून होती आणि मध्ये एक दिवस मोकळा. गडी हरखून गेला.

"पाटील, मुंबई देखनी है."

"एक दिन में क्या खाक देखेगा? मेरे घर जा, बदलापूर. माँ खाना खिलाएगी, भाई घुमाएगा."

"बदलापूर मुंबई में है?"

"ऑलमोस्ट," मी म्हणालो.

ऑपरेशनला देतात तसं मी त्याला ब्रीफिंग दिलं. बदलापूर स्टेशन. पुलावरून पश्चिमेला उतरायचं. रिक्षा करायची. देवळामागचं घर, पाटील. त्याने ते माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवलं. आईला सॅटेलाइट फोनवरून कळवलं. तिने फोन ठेवायच्या आधीच पुरणाचा विषय काढला.

कोर्स करून नेगी कॉन्व्हॉयमधून उतरला तो दात काढतच.

"पाटील, तेरी मुंबई देख ली. एक नंबर!"

त्याने एक डबा माझ्या हातात दिला. "माताजी ने दिया है." मी झाकण उघडलं. आत सुक्या जवळ्याची चटणी. वास अख्ख्या बंकरभर. आता आमच्या घरात वारकऱ्यांची माळ. मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि माझी आई फौजेतल्या मुलाला जवळा पाठवणार? मी म्हटलं, भावाने गुपचूप दिला असेल.

"भाई ने घुमाया ना?"

"भाई तो दिखा ही नहीं. पिताजी ने घुमाया. स्कूटर पे."

माझे वडील मी आठवीत असताना वारले.

बंकरमध्ये सगळ्यांना ते ठाऊक होतं. मग कोणीतरी म्हणालं, भूत ने स्कूटर चलाया, आणि जो हशा पिकला! नेगी बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. मी त्याला समोर बसवून एकेक ठिकाण विचारायला लागलो. पायऱ्या उतरून खाली जायचं, काळ्या दगडाचं देऊळ, पिंडीवर छत नाही, वर थेट आभाळ. म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर, प्रश्नच नाही. गल्लीत नुसती कपड्यांची दुकानं, सिंधी दुकानदार 'साईं, साईं' करत भाव कमी करतो. ते उल्हासनगर. जंगलातून रस्ता आणि पुढे धरण, म्हणजे बारवी. जागा सगळ्या बरोबर होत्या. माणसंच कोणाची ते कळेना.

"और सुन, रिक्शेवाले ने भाड़ा भी नहीं लिया. क्या लोग हैं यार!"

"मग तू बदलापूरला गेलाच नव्हतास," मी मराठीतच म्हणालो. रिक्षावाला आणि भाडं घेत नाही? च्यायला, हे मला कोणी सांगायचं!

रविवारी फोनचा नंबर लागला. आई तापलेलीच होती.

"तुझा तो मित्र आलाच नाही. सकाळपासून पुरण शिजवून बसले होते मी."

"आई, तो आला होता."

"कोणाकडे?"

"तुझ्याकडेच."

"मग मी काय आंधळी आहे?"

लाइन कट झाली. डोक्याचं पार भजं झालं. नेगी खोटं बोलणारा नव्हता आणि आई तर नव्हतीच नव्हती. शेवटी ठरलं की पुढची सुट्टी माझी आहे, मीच जाऊन शोधतो. नेगीने एक काम जोडून दिलं. त्या स्कूटरवाल्या म्हाताऱ्याने त्याचे फोटो काढले होते, उल्हासनगरला घेतलेल्या नव्या शर्टातले. ते आणायचे. "उसमें मैं हीरो लग रहा हूँ," असं त्याने बायकोलाही फोनवर सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर मोठा बर्फ पडला. तो थांबल्यावर सकाळी सहाला क्लिअरन्स पार्टी निघाली. आकाश साफ होतं. नेगी डोझरवर, मी मागच्या वळणावर रेडिओ सेट घेऊन. सेटवर मी 'वन'.

"बेस फॉर वन. रिपोर्ट, ओव्हर."

"वन फॉर बेस. तिसरा मोड़ क्लिअर. डोझर आगे जा रहा है, ओव्हर."

"रॉजर, आउट."

जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी वर बघितलं, उतारावरचा बर्फ सुटला होता. मग खाली बघितलं तर डोझर नव्हता.

"वन फॉर बेस. अॅव्हलांच. डोझर नीचे गया. एक जवान अंदर, ओव्हर."

"बेस फॉर वन. कौन है? ओव्हर."

"नेगी."

सेटवर नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं.

आम्ही खोदत राहिलो. दुपारी तो सापडला. हात लिव्हरवरच होता. मला रडू आलं आणि मी रडलो.

त्याची शवपेटी घेऊन मीच गढवालला गेलो, त्याच्या आईच्या दारात. सगळं आटोपल्यावर त्याची बायको सरिता माझ्याकडे आली. तिने एवढंच विचारलं, "भैया, वो शर्ट वाला फोटो मिलेगा? घर में सब वर्दी वाले हैं." मी हो म्हणालो. कुठून आणणार होतो, देव जाणे.

सुट्टी मिळताच मी कामाला लागलो. आधी उल्हासनगर. नकाशावर बोट ठेवून पोझिशन सांगणारा मी, तिथल्या कॅम्प चार नावाच्या भागातल्या गल्ल्यांत फिरून फिरून त्याच एका मिठाईच्या दुकानासमोर येत राहिलो. एका शर्टवाल्याला माझ्या मोबाइलमधला नेगी दाखवला. फोटो बर्फातला, टोपी आणि गॉगल. दुकानदार म्हणाला, "साईं, ये तो कोई भी हो सकता है. ढंग का फोटो लाओ ना."

"ढंगाचाच तर शोधतोय," मी म्हणालो.

अंबरनाथला देवळात विचारलं, कोणाला आठवेना. बारवीच्या रस्त्यावर काकड्या विकणारी एक बाई म्हणाली, "स्कूटरवाला म्हातारा? दादा, आयतवारी इथं सगलेच म्हातारे स्कूटरवर येतान." माझंच गाव, माझाच मुलूख, आणि मी बाहेरच्या माणसासारखा तोंड वर करून पाट्या वाचत फिरत होतो. घरी आई विचारायची, सापडलं का? मी नाही म्हणून मान हलवायचो.

एका दुपारी बदलापूर स्टेशनच्या पुलावर उभा होतो. तिथे डोक्यात आलं, अरे, आपण आपल्या डोक्याने शोधतोय. नेगीसारखं चालायला पाहिजे. नेगी डोंगरातला माणूस, पुलावर येऊन गोंधळला असेल, आणि जिकडे जास्त लोक उतरतात तिकडे उतरला असेल. मी पूर्वेला उतरलो, कुळगावच्या बाजूला. आता त्याने काय विचारलं असेल? फौजेत आम्हाला आडनावाने ओळखतात. छातीवर तेवढंच लिहिलेलं असतं. माझं पहिलं नाव नेगीने आयुष्यात एकदाही घेतलं नव्हतं.

मी रिक्षा स्टँडवर जाऊन म्हणालो, "फौजी पाटील का घर."

बदलापुरात नुसतं पाटील म्हणून हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघेल. पण त्या रिक्षावाल्याने कुठला पाटील म्हणून विचारलंच नाही. "बसा साहेब," म्हणाला. बाजार मागे टाकून एका बैठ्या घरापाशी रिक्षा थांबली. मी पाकीट काढलं.

"राहू द्या. शहीद पाटलांच्या घरचं भाडं इथं कोण घेत नाय."

तो गेला. मी फाटकात तसाच उभा. अंगणात जुनी स्कूटर. दार उघडंच होतं आणि समोरच्या भिंतीवर वर्दीतल्या एका तरुणाचा फोटो, त्याला हार. मला हळूहळू कळत गेलं, नेगी या पाटलांच्या घरी जेवला होता. दारापर्यंत गेलो, पण हाक मारवेना.

आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या केसांच्या कटकडे, बुटांकडे. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तो नेगी गेला ना?"

मी मान हलवली.

"आत ये. आमचा सुनील गेला तवा पन दोघं असेच येऊन दारात उभे राहिलेले. कोनाला तोंड उघडवेना. बस. पानी पी."

त्यांचे यजमान, ते स्कूटरवाले काका, आतल्या खोलीतून आले. मी कोण, कुठला, सगळं सांगितलं. मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं.

"फाटकातूनच ओरडत आला तो. माताजी, मैं पाटील का बडी हूँ! पाटील एकदम ठीक है, दिवाली में छुट्टी आएगा! मी सांगणार होतो, बाबा, तुझं घर चुकलंय. तर हिने माझा हात धरला, आणि तो चपला काढेपर्यंत भिंतीवरचा फोटो काढून आत नेऊन ठेवला."

"का, काकू?" मी विचारलं.

"आमचा सुनील जाऊन दोन वर्सं झालेली," काकू म्हणाल्या. "तो ठीक हाय असं कोनी बोललंच नव्हतं. ऐकून घेतलं रे मी. जेवताना त्याला इचारत होते, तो जेवतो का नीट, थंडी लय असते का. तो सगलं सांगत होता. तू जेवतोस नीट, हे मला तवाच कललं."

माझ्याबद्दल सांगत होता तो, आणि काकू आपल्या पोराबद्दल ऐकत होत्या. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, सुनीलला सुट्टीत जिथे जिथे न्यायचं राहून गेलं होतं, तिथे तिथे नेगीला नेलं. कॅमेरा सुनीलचाच.

शोकेसमधून त्यांनी फोटो काढून दिले. अंबरनाथच्या दगडी भिंतीपुढे नेगी, निळा शर्ट, कमरेवर हात. खरोखर हीरो दिसत होता. ते फोटो मी स्वतः सरिताला नेऊन दिले. एक काकूंनी ठेवून घेतला. लान्स नायक दिनेश नेगी आणि नायक सुनील पाटील यांची कधी गाठ पडली नाही. आता कुळगावच्या त्या घरात दोघे एकाच भिंतीवर आहेत.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी निघायला उठलो तेव्हा काकूंनी विचारलं, "त्याच्या आयेला कोनी सांगितलं?"

"मीच," मी म्हणालो. "दारात उभा राहून."

"आनि तुला कोनी बसवलं का तिथं?"

मी बुटांकडे वळलो. काकूंनी माझा हात धरून मला परत खाली बसवलं, आणि त्या ताट वाढायला आत गेल्या.