चार शिंगांचा राऊटर

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी लिहायलाच. हे कोणाला दाखवायचं नाही. पण कोणाच्या हाती पडलंच, तर मला गरीब गाय समजू नये, म्हणून झालं तसं लिहिते.

पांढुर्ण्याच्या घरात आम्ही तिघंच, मी, मुलगा आणि सून. मुलगा बसने सौंसरला नोकरीवर जातो. सून घरी बसूनच नागपूरच्या एका ऑफिसचं काम करते, कानाला माईक लावून. मागच्या उन्हाळ्यात तिचं नेट बंद पडायला लागलं. टीव्हीवर, फ्रीजवर, मिक्सरवर मी विणलेली क्रोशाची झाकणं आहेत. धूळ बसू नये म्हणून राऊटरवरही एक घातलं होतं. ते सुनेने पाहिलं.

"पाहा, मशीनले स्वेटर! आई, यालेबी थंडी वाजते का?"

तिने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मोहगावच्या जावेने लिहिलं, सिलिंडरचं माप घेतलं का? दोन दिवस सगळे हसत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

मुलगा हसला नाही, पण म्हणाला, "तुह्या झाकणानं तापून जळालं ते. नवं तुह्याच पैशानं येईन."

साड्यांना फॉल लावून मी अठ्ठावीसशे रुपये साठवले होते, चष्म्यासाठी. सुईत दोरा जात नव्हता. ते काढून त्याच्या हातात दिले. त्याने मोजलेसुद्धा नाहीत.

मग दोघं मोबाईलवर राऊटर निवडत बसले. "दोन अँटेनावाला नोको," मुलगा म्हणाला, "चारवाला पाहा. शिंगं जास्त तं ताकद जास्त." चार शिंगांचा काळा राऊटर आला. दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता तोही बंद पडला. आता त्याच्यावर झाकण नव्हतं.

आमच्याकडे नळ एक दिवस आड येतो, सकाळी अकराला. धार बारीक, म्हणून सगळी गल्ली नळाला टुल्लू लावते, पाणी ओढायची छोटी मोटर. आमच्या टुल्लूची पिन आणि राऊटरची पिन ओसरीतल्या एकाच बोर्डात. टुल्लू सुरू केला की राऊटरचे दिवे विझायचे. पुन्हा लागायला तीन-चार मिनिटं. पाणी मीच भरते, म्हणून हे मलाच दिसलं.

सौंसरला एका बाईच्या साड्या द्यायला गेले, तेव्हा बसस्टँडजवळच्या मोबाईल-राऊटरच्या दुकानापुढे उभी राहिले. गिऱ्हाईकं गेल्यावर आत गेले. घरचं नेट सारखं जातं, एवढंच सांगितलं.

"काकू, नेट कवा जाते?" दुकानदाराने विचारलं.

"नळ आला का."

तोही हसला नाही. टुल्लू कुठे लावता, घरात खोल्या किती, सगळं विचारलं. मग म्हणाला, "शिंगं नोका मोजू. तीन खोल्याले हा दोनवाला पुरते. येगळ्या बोर्डात लावा आन् मधात हे छोटी बॅटरी जोडा. लाइट गेली तरी चालू राहीन."

"मंग पयलं झाकणानं जळालं का?"

"झाकण घालू नोका, तापते. पण झाकणानं टाइम पाहून बंद पडत नाई, काकू."

घरी येऊन सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी त्या दोघांना काही शिकवत होते.

"आली चवथी पास इंजिनिअर!" सून म्हणाली. "सोळा हजाराची नोकरी मी करून राहिली का तुमी? तुमी पाणी भरा."

पाणी भरा म्हणाली, म्हणून मी भरलं.

गुरुवारी अकरा वाजता तिची मोठ्या साहेबासोबत मीटिंग होती. मला माहीत होतं, सकाळपासून साडी निवडत होती. नळ आला. मी टुल्लू लावला. आतून आवाज आला, "सर? हॅलो, सर?" ड्रम भरला, मी टुल्लू बंद केला. दिवे हिरवे झाले, ती पुन्हा बोलायला लागली. मी पुन्हा लावला. ड्रम भरलेला होता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पाणी सरळ नालीत जात होतं आणि मी उभी राहून तिचा रडका आवाज ऐकत होते. वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल.

ऑफिसने सांगितलं, सोमवारपर्यंत नेट पक्कं करा, नाहीतर काम बंद. संध्याकाळी सून स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"आई, थो सौंसरचा दुकानदार कोन्ता म्हणे?"

"माये अठ्ठावीसशे," मी म्हटलं.

"आत्ता? नवं मशीनबी घ्या लागते नं."

मी भाकरी थापत राहिले. ती आत गेली, मुलाशी भांडली आणि हजार रुपये आणून ओट्यावर ठेवले. बाकीचे पगारातून देईन म्हणाली. मग मी दुकानाची खूण सांगितली.

चार शिंगांचा राऊटर झटके खाऊन तोवर मधूनच आपोआप बंद पडायला लागला होता. शुक्रवारी मुलाने दोनवाला आणि बॅटरी आणली, खोलीतल्या बोर्डात लावली. शनिवारी नळ आला. टुल्लू चालला आणि दिवे हिरवेच राहिले. दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. नोकरी राहिली.

पुढच्या पगाराला तिने हजार दिले, त्यापुढच्या पगाराला पाचशे. मग विषय काढेना.

दिवाळीनंतर तिची आई आली. चहा घेता घेता मी तिच्यासमोरच म्हटलं, "तीनशे राहिले तुह्याकडं."

"तीनशेसाठी, आई? पाहुण्यासमोर?"

"हो."

तिची आई कपात पाहत राहिली. सुनेचा चेहरा लाल झाला. पर्समधून शंभराच्या तीन नोटा काढून तिने माझ्यापुढे टाकल्या. मी एकेक उचलली, दोघींसमोर मोजली आणि म्हटलं, "फिटले."