फोटोतले निळसर चेहरे

परतूरच्या आमच्या घरात बायकोचा कॉम्प्युटर खिडकीजवळ आहे. गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं हे तिचं काम. लोक आधारकार्डावरचा, लग्नाच्या अल्बममधला, मिळेल तो फोटो आणतात. ती डाग काढते, रंग नीट करते आणि बाजारातल्या लॅबमधून छापून आणते.

मागच्या वर्षी एक आजी नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी फोटो न्यायला आल्या. फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई, हे कोन सायब? आमचं माणूस उन्हानं काळं पडल्तं. हे तर निळे दिसायलेत."

"आजी, कॉम्प्युटरवर बराबर दिसत होते."

"मंग कॉम्प्युटरलाच हार घालू का?"

बायको हसली नाही. श्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. "परवा न्या, नीट करून ठेवते," एवढंच म्हणाली. आजी गेल्यावर मात्र माझ्याकडे वळली. "अहो, माझ्या डोळ्यांतच काही झालंय. हे काम आता बंद करावं लागेल."

मला अंदाजानं बोलायची सवय नाही. कागद घेतला आणि एकेक गोष्ट तपासून लिहीत गेलो. मॉनिटरची वायर बदलली, फरक नाही. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर. ब्राइटनेस ८० वरून ५० वर आणला, तर चेहरा फक्त अंधारला. रात्रीसाठी स्क्रीन पिवळी करायची सोय असते, तीही बंदच होती.

मग तोच फोटो तिच्या मोबाईलवर उघडला. मोबाईलवर आजोबा तिलाही निळसर दिसले, अगदी फ्रेममधल्यासारखे. म्हणजे लॅब ठीक, डोळे ठीक. मॉनिटरवर कोरं पान उघडून शेजारी पांढरा कागद धरला. मॉनिटरचं पांढरं जुन्या वर्तमानपत्रासारखं होतं.

ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसायला गेलो, तर खालच्या कोपऱ्यात नख अडकलं. पन्नी! सात वर्षांपूर्वी मॉनिटर आणला तेव्हा कंपनीनं स्क्रीनवर लावलेली प्लास्टिकची पारदर्शक पन्नी. ओरखडे पडतील म्हणून ती काढायची नाही, असं मीच सांगितलं होतं. बायकोनं दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा मी नको म्हणालो होतो. पन्नी पिवळी आणि धुरकट झाली होती. त्यामुळे तिला प्रत्येक चेहरा पिवळा आणि काळपट दिसे, आणि ती बिचारी पिवळा कमी करून उजेड वाढवत राही.

मी पन्नी ओढली. अर्धी स्क्रीन लख्ख झाली.

"आणि मी डोळ्यांचा डॉक्टर शोधत होते," ती म्हणाली.

मी उरलेली पन्नीही ओढून काढली.

तिसऱ्या दिवशी आजींनी नवा फोटो पाहिला. "आता बराबर. आता रागावतील असे दिसायलेत." मग पदरानं काच पुसली आणि फ्रेम छातीशी धरून गेल्या.

त्यानंतर बायकोनं वर्षभरातल्या एकोणीस घरांना फोन केले, फोटो बदलून देते म्हणाली. दोघांनीच बदलून घेतले. बाकीच्यांचं उत्तर जवळजवळ सारखंच होतं: फोटो चांगला गोरा आलाय, राहू द्या. तिला ते पटलं नाही. उरलेले सतराही फोटो तिनं नीट करून ठेवलेत, कुणी मागितलेच तर असावेत म्हणून.