शेऱ्याचा रकाना

भीमराज सरकारी पेन्सिलीनं घरच्या वाणसामानाची यादीसुद्धा लिहायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, दोन ओळींनी सरकार बुडतंय होय?" तर हा गडी हसायचासुद्धा नाही. असल्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं! पण माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्याचा बाप देहूरोडला डेपोत ओझी वाहायचा. भीमराज मॅट्रिक झाला आणि बासष्ट साली भोसरीजवळ एका सरकारी खात्याच्या गुदामात कारकून लागला. पहिल्याच दिवशी पाठीमागून कोणीतरी बोललं, "आता बघा, ह्यांचीच सगळी जात गोळा होईल इथं." भीमराजनं ऐकलं आणि मान खाली घालून रजिस्टर उघडलं. पण ते वाक्य त्याच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. पुढे तो भांडारपाल झाला, चाव्या त्याच्या कमरेला आल्या, तरी कोणी आपल्याकडे बोट दाखवता कामा नये ही एकच धास्ती त्याला आयुष्यभर पुरली.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, तानुबाईचा नवरा खंडू. खंडू लाकडी शिड्या करायचा. तेव्हा भोसरीकडे रोज नवा कारखाना उठत होता, रस्त्यावर दिव्यांचे खांब येत होते, आणि खांबावर चढायला शिडी लागायचीच. अडुसष्ट साली खंडूचा दर सगळ्यांत कमी निघाला म्हणून खात्याचं काम त्याला मिळालं, आणि पुढंही मिळत राहिलं.

खंडूची एक रीत होती. शिडी झाली की भिंतीला लावायची, अर्धं पोतं वाळू खांद्यावर घ्यायची आणि प्रत्येक पायरीवर तीनदा उडी मारत वरपर्यंत जायचं. तानुबाई खाली उभी राहून पायऱ्या मोजायची. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, "खंडूभाऊ, सर्कशीत जा की राव!" खंडू वरूनच म्हणायचा, "पडायचं तर मी पडंन. दुसऱ्याचं लेकरू कशाला?" आठ वर्षांत त्याची एक शिडी मोडली नाही की एक परत आली नाही.

शहात्तर सालच्या टेंडरला मात्र दुसऱ्या एकाचा दर शिडीमागं सहा रुपयांनी कमी आला. सगळे दर एका तक्त्यात मांडून तो तक्ता साहेबांकडे जायचा. त्यात शेवटी एक रकाना असे: पूर्वीच्या कामाबद्दल भांडारपालाचा शेरा. शेरा चांगला असला तर दर थोडा जास्त असूनही साहेब जुन्या माणसाला काम देऊ शकत.

तक्ता जायच्या आदल्या संध्याकाळी खंडू भीमराजच्या दारात आला. जय भीम झाला, चहा झाला. मग उठताना म्हणाला, "पाव्हणं, काम मिळू न्हाईतर न मिळू. पर आठ वरसांत कुनी शिडीवरनं पडलं न्हाई, एवढी एक ओळ लिवा. आपल्या घरात कुनाचं नाव चांगल्यापायी सरकारी कागदावर आलं न्हाई अजून. एकदा येऊ द्या."

"बघतो, दाजी," भीमराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो टाक हातात धरून तासभर बसला. हेडक्लार्क नानासाहेब वैतागले, "लिहा की हो! आठ वर्षं माल तुम्हीच उतरवून घेतलाय."

"बहिणीचा नवरा आहे तो, नानासाहेब."

"मग? बहिणीचा नवरा म्हणून त्याच्या शिड्या मोडक्या होतात का?"

बरोबर होतं नानासाहेबांचं, शंभर टक्के बरोबर होतं! पण भीमराजच्या कानात ते जुनं वाक्य वाजत होतं. वाईट लिहिणं त्याच्यानं झालं नसतं आणि चांगलं लिहायची छाती झाली नाही. त्यानं रकाना कोरा सोडला. साहेबांनी कोरा रकाना पाहिला, सर्वांत कमी दर पाहिला, आणि सही केली.

महिन्याभरात चाळीस शिड्या उतरल्या. हिरवागार, चकचकीत तेलरंग. मोजल्या तर बरोबर चाळीस भरल्या, आणि खात्याची तपासणी म्हणजे तेवढीच. पण भीमराजनं एक उचलली तर ती हाताला पोकळ लागली. खोकी ठोकायचं लाकूड असावं. रंगाखाली गाठी किती, चिरा किती, ते त्याला कुठून कळणार? उद्या ह्यांवर माणसं चढणार या विचारानं त्याला जेवण जाईना. शेवटी रविवारी तो खंडूकडे गेला.

"दाजी, तेवढ्या शिड्या बघून देता का?"

तानुबाई ताडकन उठली. "काम तिकडं दिलंस आनि पारखायला ह्यांना बोलावतोस? दादा, काय वाटतं का न्हाई जनाची न्हाईतर मनाची?"

खंडू सदरा अडकवत होता. "अगं, शिडी कुनाची का असंना, वर चढनारा मानूसच हाय."

गुदामात त्यानं वाळूचं पोतं खांद्यावर घेतलं. पाच शिड्या टिकल्या. सहावीला हात लावून हसला, "रंग बगा पाव्हणं, निस्ता नवरदेव!" उड्या मारत वर गेला. भीमराज खाली पायऱ्या मोजत होता. अकरावीवर पायरी कडकन तुटली आणि खंडू पोत्यासकट फरशीवर पाठीवर आदळला.

तीन दिवस तो इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आला. तानुबाई उशाशी होती, भीमराज पायाशी.

"पाव्हणं, शेरा काय मारला व्हता?"

सरकारी पेन्सिलीनं घरची यादी न लिहिणारा तो माणूस म्हणाला, "उत्तम मारला होता, दाजी. आठ वर्षांत एकही माणूस पडला नाही, असं लिहिलं."

"मग दर जास्त पडला आसंल माजा," खंडू म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. लिवलं न्हवं, बास." संध्याकाळच्या आत तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी वस्ती जमली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, वंदना झाली होती. तानुबाई उठून म्हणाली, "दादा, ह्यांच्याबद्दल सरकारी कागदावर काय लिवलंस ते सांग सगळ्यांना. ऐकू दे वस्तीला."

भीमराज उभा राहिला. आणखी एकदा खोटं बोलला असता तर कोणाला कळलं नसतं. पण त्याची जीभ वळेना. "काही लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "कोरा सोडला होता मी."

तानुबाईच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं.

"खरं व्हतं ते तुज्यानं लिववलं न्हाई," ती म्हणाली, "आनि खोटं तेवढं झटक्यात बोललास."

त्यानंतर भीमराजनं कोणाचाच रकाना कोरा सोडला नाही. मागं कागद जोडून पानपानभर शेरे लिहायचा, साहेब वैतागेपर्यंत. बहिणीकडंही जात राहिला, दर रविवारी, न चुकता. ती दार उघडायची, चटई टाकायची. पण दादा म्हणून तिनं त्याला पुन्हा हाक मारली नाही. आत वळून लेकीला एवढंच सांगायची, "भांडारपाल आल्यात, पानी दे."